करकोच्याखालची बाळोती

करकोचा आमच्या दारात उतरला तो गंजलेलाच. टेम्पोवाल्यानं त्याला खाली ठेवलं, हात पँटीला पुसले आणि विचारलं, साहेब, हे मागवलंय का परत न्यायचंय? मागवलंय, असं मी सांगितलं. त्यानंतर तो माझ्याशी फार मऊ बोलायला लागला. आजारी माणसाशी बोलतात तसं.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी येडशीत, रामलिंगच्या डोंगराकडच्या बाजूला घर बांधलं आणि पुढं बाग केली. बाग म्हणजे फरशीचं अंगण आणि त्याच्या कडेनं मातीचा पट्टा. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, त्यामुळं झाडाला पाणी कधी घालावं हे सोडून पाण्यातलं मला सगळं कळत होतं. गुलाब गेले, मोगरा गेला, कढीपत्तासुद्धा गेला. तेव्हा न मरणारं काहीतरी लावावं असं मी ठरवलं. मोबाईलवर परदेशातल्या बागांची चित्रं बघितली होती. हिरवळीवर तांबूस पोलादाचे पक्षी उभे. हे पोलाद वेगळं असतं. त्याला रंग द्यायचा नाही, उघड्यावर गंजू द्यायचं. तो गंजच अंगावर घट्ट बसतो आणि आतल्या लोखंडाला राखतो. सोलापूरच्या एका वर्कशॉपवाल्यानं तसला पत्रा मागवून, कापून, वाकवून मला पक्षी करून दिले. सळईवर बसलेल्या दोन चिमण्या, आणि माणसाएवढा उंच, पंख पसरलेला करकोचा. घुबडही सांगितलं होतं. ते बायकोनं फोन माझ्या हातातून घेऊन रद्द केलं.

तिचं म्हणणं सोपं होतं. लोक गंजलेलं भंगारात घालतात, आमचे हे नवं गंजवून आणतात. हे ती शेजारच्या बाईला सांगायची, पण माझ्या कानाच्या अंतरावरून. गल्लीत फिरणारा भंगारवाला तर फाटकाशी थांबून रोज चौकशी करायचा. मी त्याला नाही म्हणायचो आणि तो उद्या येतो म्हणायचा.

अशा वेळी माणूस व्याख्यान देतो. मीही दिलं, आणि येईल त्याला दिलं. याला गंज म्हणू नका, साय म्हणा. दुधावर साय धरते तशी ही पोलादावर धरते. हा गंज सुटत नाही, गळत नाही, डाग पाडत नाही. वर्कशॉपवाल्यानं देताना बजावलं होतं की पहिला पावसाळाभर पाणी लागलं की रंग सुटतो, फरशीजवळ उभं करू नका. पण व्याख्यानात असली वाक्यं बसत नाहीत. ती मी गाळली, आणि करकोचा फरशीच्या कडेला उभा केला.

त्याला सगळ्यात आधी भ्यालो तो मीच. पहिल्याच संध्याकाळी पाण्याची मोटार बंद करायला बाहेर गेलो, तर अंगणात कोणीतरी हात पसरून उभं. कोण हाय, म्हणून विचारलं. उत्तर नाही. परत विचारलं, जरा आदरानं. आतून बायकोचं हसू ऐकू आलं तेव्हा मी मोटार तशीच चालू ठेवून आत आलो. गच्चीवरची टाकी त्या दिवशी पार खालपर्यंत वाहिली.

पावसाळ्याच्या शेवटाला मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. धाराशिवच्या दवाखान्यात नात झाली, आणि दोघी घरी आल्या. जावई पुण्यात नोकरीला, ते बाळाला बघून परत गेले आणि बारशाला येणार होते. बाळंतपण करायला तेरहून माझी थोरली बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्कानं तेरमधली निम्मी पोरं पायावर घेऊन न्हाऊ घातलेली. तिच्यापुढं दवाखान्याची फाईल म्हणजे रद्दी.

आक्का आली आणि घराचा ताबा गेला. मागच्या खोलीची खिडकी बंद झाली, फटीत चिंध्या बसल्या, दाराला जाड पडदा लागला. आत एक पिवळा बल्ब, शेगडी, ओव्याचा धूर. बाळंतिणीला वारा लागता कामा नये आणि बाळाला उजेड. सकाळी न्हाणं. हळद, डाळीचं पीठ आणि साय कालवून आक्का बाळाच्या अंगाला चोळायची. नात रोज उजळत चालली. बायको म्हणायची, सोन्यासारखा रंग चढलाय. आक्का म्हणायची, हळद लागली, आता बघच. मला पडद्याच्या आत फार वेळ थांबू द्यायचे नाहीत, पण जेवढी बघितली तेवढी मलाही सोन्यासारखीच दिसली.

आणि गुणाची तर इतकी, की रडायचीच नाही. पहिले दिवस थोडी रडली, मग तेही कमी झालं. नुसती झोप. उठवून पाजायला घेतलं तर दोन घोट घ्यायची आणि परत डोळे मिटायची. मुलीनं एकदा म्हटलं की ही पीत नाही नीट. आक्का म्हणाली, झोपेत वाढतं लेकरू, भूक लागली की पिईल. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिची आई म्हणाली, तू जन्मली तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंस, तुला शांत पोरीची किंमत न्हाय. मीही पडद्याबाहेरून माझं घातलंच. म्हटलं, माझ्यावर गेली, झोपाळू. यावर सगळ्या हसल्या. मुलगी हसली की नाही ते मला दिसलं नाही, मध्ये पडदा होता.

घरात भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्याकडं समज आहे, की बाळाचे कपडे तिन्हीसांजेला बाहेर राहिले आणि त्यांच्यावर पाखराची सावली पडली, तर बाळ सुकत जातं. कुठलं पाखरू ते सांगत नाहीत. नाव घेतलं की ते येतं म्हणे. अंगणात पाऊल टाकताच आक्काला करकोचा दिसला, आणि ती तिथंच थांबली.

परतीचा पाऊस चालू होता. दुपारभर भुरभुर, आणि संध्याकाळी ढग फाटून तिरकं ऊन. त्या उन्हात करकोच्याची सावली लांबत लांबत अंगण ओलांडायची, व्हरांड्याच्या पायऱ्या चढायची आणि घराच्या भिंतीला टेकायची. पंखांसकट. मी आक्काला समजावलं की हा पत्रा आहे, ह्याला जीव नाही, हा उडत नाही.

"लोखंडाचं असलं म्हणून काय झालं?" आक्का म्हणाली. "सावलीला कुठं कळतंय ते?"

 करकोचा हलवा असं तिनं सांगितलं. त्याचे बोल्ट मी स्वतः काँक्रीटमध्ये गाडले होते, तेव्हा तो हलणार नव्हता आणि मीही नव्हतो. मग तोड निघाली. ऊन तिरकं व्हायच्या आत कपडे काढायचे. रोज संध्याकाळी आक्का आणि माझी बायको पदर खोचून दोरीकडं धावायच्या आणि बाळोती ओरबाडून, बघता न बघता घड्या घालून आत न्यायच्या. सावली पायरीला शिवायच्या आधी. मी व्हरांड्यात खुर्चीवर बसून हसायचो. पण एक सांगतो, सावली भिंतीवर चढायला लागली की मीही खुर्ची आत घ्यायचो.

आता दोरीचं. पावसाच्या दिवसांत बाळोती वाळवायची म्हणजे युद्ध. जुन्या धोतरांचे, लुगड्यांचे मऊ तुकडे, संपता संपत नाहीत आणि वाळता वाळत नाहीत. दोरीचं एक टोक व्हरांड्याच्या खांबाला बांधलं, दुसऱ्याला जागा नव्हती. तेव्हा मी पुढं झालो. दुसरं टोक करकोच्याच्या मानेला बांधलं. दोरी त्याच्या पसरलेल्या पंखाखालून गेली. म्हणजे भुरभुर आली तरी कपड्यांना आयतं छप्पर, असं मी बायकोला दाखवून दिलं. ती पंखाकडं बघून म्हणाली, ह्यातून लाल काही गळणार तर न्हाय ना? मी साईचं व्याख्यान परत दिलं. तिनं बाळोती वाळत घातली.

पाचवी पुजून झाली होती. त्यानंतरच्या एका सकाळी मी चहा पीत होतो, तेव्हा मागच्या खोलीतून मुलीचा आवाज आला. ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "आई, रक्त."

बायको आत गेली. आक्का आत गेली. मग काहीच ऐकू येईना. मी कप खाली ठेवला आणि पडद्याशी जाऊन उभा राहिलो.  पडदा सारून आत गेलो. बल्बच्या उजेडात बायकोच्या हातात बाळोतं होतं. ओलं. आणि मधोमध लालसर तपकिरी ठिपके, फुटलेले, पसरलेले. नात खाली पडून होती. डोळे मिटलेले. तिला एवढं उघडं केलं होतं, थंड हात लावले होते, तरी हूं नाही की चूं नाही.

आक्का भिंतीला टेकून खाली बसली. सावली पडली, एवढंच म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. मला आजवर पुष्कळ जण पुष्कळ बोललेत, वरिष्ठ तर लेखी बोललेत. पण तसं कोणी बघितलं नव्हतं.

पुढची धांदल मला तुकड्यातुकड्यानं आठवते. बाळंतिणीनं बारशाआधी उंबरा ओलांडायचा नाही, हे आक्का विसरली. तिनं स्वतःच मुलीच्या कानाला फडकं बांधलं. बायकोनं डागाचं बाळोतं पिशवीत घातलं, डॉक्टरीणबाईंना दाखवायला, आणि वर घडीतली कोरडी चार बाळोती. मी गाडीची किल्ली शोधत होतो. ती माझ्या हातात होती. आक्का घरी थांबली, कारण कोणीतरी देवापुढं बसायला हवं होतं.

हायवेला लागलो. वर भुरभुर, पुढं उसाच्या ट्रॉल्या. मी आरशात मागं बघत होतो. मुलगी बाळाला छातीशी धरून बसलेली, बाळाच्या नाकाशी आपला गाल नेऊन श्वास बघत होती. दर थोड्या वेळानं. ती गाल नेई तेव्हा माझाही श्वास थांबे, आणि तिनं मान मागं घेतली की सुटे. असं करत करत मी एका ट्रॉलीच्या इतका जवळ गेलो की बायकोनं मागून माझा खांदा दाबला. मनातल्या मनात मी करकोच्याचे बोल्ट उपटत होतो. सावलीवर माझा विश्वास नव्हता. आणि तरी उपटत होतो.

मग मला ते डाग आठवले. रक्ताचा एकच डाग पडतो, हे वेगवेगळे ठिपके होते. आणि एका रांगेत होते. करकोच्याचा पंख मी कागदावर स्वतः काढून दिला होता. पिसांची टोकं खाली, सारख्या अंतरावर, पट्टीनं मोजून. मी गाडी कडेला घेतली आणि पिशवी मागितली.

आधी डागाचं बाळोतं नाकाला लावलं. लोखंडाचा वास. पण रक्तालाही लोखंडाचाच वास येतो, हे मला नेमकं त्याच वेळी आठवलं. मग वरचं कोरडं बाळोतं उलगडलं. काल संध्याकाळी घाईनं घडी घातलेलं, बाळाच्या अंगाला न लागलेलं. त्यावर तीच रांग. तेच ठिपके, तेवढ्याच अंतरावर. दुसरं उलगडलं. त्यावरही.

इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मी बाळोती दोन्ही हातांनी झेंड्यासारखी धरली आणि सांगितलं, गंज आहे. करकोच्याचा गंज आहे, पोरगी ठणठणीत आहे.

बायको म्हणाली, "गळत न्हाय म्हणला होता की तुम्ही."

मी म्हटलं, गळतो. पहिला पावसाळाभर गळतो, वर्कशॉपवाल्यानं सांगितलं होतं. मी खोटं बोललो होतो, असं समज. पण आत्ता खरं बोलतोय, हे बघ, कोरड्यावरही आहे. तिनं बाळोतं हातात घेतलं, नखानं डाग खरवडला आणि नखाकडं बघितलं. तिचे खांदे खाली आले. म्हणाली, मग परत फिरवा गाडी, बाळंतिणीला वारा लागतोय उगाच. मी गिअर टाकला. पुढं डिव्हायडर फुटलेला होता, तिथून वळायचं असं ठरवलंही.

"पप्पा, गाडी धाराशिवला न्या."

मी म्हटलं, अगं, गंज आहे. तिनं बाळोत्याकडं बघितलंच नाही. म्हणाली, डाग कशाचे का असेनात. ही पीत नाही. एवढं आलोय तर दाखवून जाऊ.

तिच्या आवाजात असं काही होतं, की फुटक्या डिव्हायडरपाशी मी वळलो नाही. पण कुरकुर केली, तीही सांगतो. म्हटलं, डॉक्टरीणबाई हसतील आपल्याला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाळोत्याकडं एकदाच बघितलं आणि विचारलं, हे लोखंडाजवळ कुठं वाळत घातलं होतं का? मी बायकोकडं मान वळवून बघितलं. आयुष्यात मी फार कमी वेळा बरोबर ठरलो आहे, आणि त्या सगळ्यांत ही वेळ सर्वात वाईट होती. कारण बाईंनी तोवर बाळाला उचलून खिडकीशी नेलं होतं आणि दुपटं सोडलं होतं.

ढगाळ का होईना, पण दिवसाचा उजेड. घरी आणल्यापासून माझी नात मी पहिल्यांदा उजेडात बघत होतो. ती सोन्यासारखी नव्हती. ती पिवळी होती. बाईंनी तिच्या छातीवर बोट दाबलं आणि उचललं. बोटाखालची जागा पिवळी. पोटावर दाबलं, पिवळी. मांडीवर. मग तळपाय हातात घेऊन दाबला आणि तिथंच थोडं थांबल्या.

अंगाला हळद लावता का, असं त्यांनी विचारलं. बायकोनं मान हलवली. खोली अंधारात ठेवता का? परत मान. रडते का? यावर बायको घाईनं म्हणाली, न्हाय हो बाई, लई शांत आहे.

"ही शांत नाही," बाई म्हणाल्या. "सुस्त आहे."

कावीळ होती. नव्या बाळांना थोडी होतेच, आपोआप उतरते. पण हिची चढत गेली होती आणि हळदीखाली, बल्बखाली कोणाला दिसली नव्हती. फार चढली तर मेंदूवर जाते. हे बाईंनी एकदाच सांगितलं, साध्या आवाजात, हात चालू ठेवून. त्या टाचेतून रक्त घेत होत्या. सुई टोचली तेव्हा नात रडली नाही, नुसती ओठ मुडपून राहिली. तोवर मी उभा होतो. मग बसलो. खुर्ची तिथं होती हे माझं नशीब.

रिपोर्ट आला. आकडा वाईट होता. बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून, लंगोटाशिवाय अंगावर काही नाही. बाई म्हणाल्या, संध्याकाळी परत रक्त तपासू. उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर सोलापूरला पाठवून अंगातलं रक्त बदलावं लागेल.

अंगातलं रक्त बदलणं. मी मोटारीचं ऑइल बदललंय, कालव्याचं पाणी बदललंय. एवढ्याशा देहातलं रक्त कसं बदलतात हे विचारायचं धाडस मला झालं नाही. बाकड्यावर बसलो. समोर काचेपलीकडं निळा उजेड आणि त्यात ती. तिचं पोट वर-खाली होताना दिसत होतं. ते मी बघत राहिलो. एखाद्या वेळी पोट जरा उशिरा वर यायचं, आणि तेवढ्यात मी मनात तिचं सगळं आयुष्य उरकून टाकायचो.

आणि त्याहून मोठी भीती माझी मलाच वाटत होती. मी बरोबर होतो. गंज होता. पुरावा होता, कोरड्या बाळोत्यावर होता. गाडी वळवली असती तर मी हसत घरी गेलो असतो, आक्कानं देवापुढं नारळ फोडला असता, खोलीला पडदा लागला असता आणि आम्ही सगळे त्या शांत पोरीचं कौतुक करत बसलो असतो. माझ्या चुकांनी माझं आजवर हसं झालंय, पाणी वाहिलंय, गुलाब मेलेत. पण बरोबर असण्यानं मी काय करून बसलो असतो, ह्याचा विचार आला की मी परत काचेपलीकडं तिच्या पोटाकडं बघायचो. बायको शेजारी होती. तिलाही तेच आठवत असावं, कारण ती एकाएकी म्हणाली, फिरवा म्हणून म्याच म्हणले. एरवी ती एवढं गावाकडचं बोलत नाही. घाबरली की तिचं माहेरचं बोलणं परत येतं.

दुपारी कपडे आणायला म्हणून मी येडशीला गेलो. आक्काला सांगायचंही होतं. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, आणि मला नीट सांगता आलं नसतं. फाटक उघडलं तर आक्का भिजत करकोच्यापुढं उभी. त्याच्या पायाशी भाकरीचा तुकडा आणि लिंबू ठेवलेलं, मानेला माझ्या दोरीच्या वर काळा दोरा. मी सगळं सांगितलं. गंज, हळद, कावीळ. हळद म्हटल्यावर तिनं स्वतःच्या तळहातांकडं बघितलं. ते अजून पिवळे होते. ती म्हणाली, एवढी पोरं न्हाऊ घातली, बाबा. मग पंखाच्या टोकाशी लोंबणारा लाल थेंब बोटावर घेतला, आणि हे पाखरू वाईट न्हाय, असं ठरवून टाकलं. त्यानंच लाल टाकून सांगितलं म्हणे. मी वाद घातला नाही. एकतर माझा स्वतःचा त्या दिवशीचा हिशोब तिच्यापेक्षा बरा नव्हता. दोरी मात्र सोडली. मागच्या खोलीत जाऊन खिडकी उघडायला लागलो, तर आक्का मागून आली आणि फटीतल्या चिंध्या तिनंच ओढून काढल्या.

परत पोचलो तेव्हा दुसऱ्यांदा रक्त घेतलं होतं. ते घेताना नात रडली, असं बायकोनं मला दारातच सांगितलं. कशी रडली ते करूनही दाखवलं, दवाखान्याच्या दारात. रिपोर्ट यायचा होता. आम्ही तिघं बाकड्यावर ओळीनं बसलो.  कंपाउंडर कागद घेऊन येताना दिसला, तर मी पलीकडं भिंतीवरचं पोलिओचं पोस्टर वाचायला लागलो. बायको उठली आणि बाईंच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला होता.  मग कळलं, आकडा उतरला होता. फार नाही, पण उतरला होता. सोलापूरला जायचं नव्हतं.

बायको आक्काला फोनवर ओरडून सांगायला बाहेर गेली. मुलगी आणि मी उरलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, बरं झालं बाई, तुला ते डाग रक्तासारखे दिसले. तू घाबरलीस म्हणून आपण निघालो.

मुलगी काचेकडं बघत होती. म्हणाली, "मला माहीत होतं, पप्पा."

मला कळेना. तिनं सांगितलं. सकाळी बाळोतं बदलायला घेतलं, तेव्हा घडीतल्या कोरड्यावरही तिला तेच ठिपके दिसले होते. तिनं डाग खरवडून बघितला होता. गंज आहे हे तिला माझ्या आधीच कळलं होतं. मग आवाज दिला.

मी विचारलं, मग रक्त का म्हणालीस?

"दूध पीत नाही म्हणून दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही कोणी चप्पल घातली का?"

तिनं हे रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी खाली बघितलं. पायांत घरातल्या सपाता होत्या. सकाळच्या धांदलीत तशाच घालून निघालो होतो आणि दिवसभर दवाखान्यात तशाच घालून फिरत होतो. तिलाही त्या दिसल्या. ती हसली, पण ते हसू तिनं पुरं केलं नाही.

पाजायची वेळ झाली म्हणून सिस्टरनं बाळाला उजेडातून काढलं, डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं. मुलीला उठून नीट बसायला उशी हवी होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, आणि कोणी नाही म्हटल्यावर बाळ माझ्या हातात दिलं. मान सांभाळा, म्हणाली.

माझे दोन्ही हात लाकडासारखे ताठ झाले. श्वास घेतला तर छाती हलेल आणि छाती हलली तर ती पडेल, म्हणून मी श्वासही धरून ठेवला. ती अजून पिवळीच होती. डोळे किलकिले केलेले. मग तिनं मान वळवली, माझ्या शर्टाशी तोंड आणलं, खिशाचं बटण ओठांत धरलं आणि ओढायला लागली. जोरात. बटणातून काही येईना, तशी तिनं ते सोडलं, चेहरा आक्रसला, आणि अख्ख्या व्हरांड्यातली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं भोकाड पसरलं. मी तसाच उभा राहिलो. उशी मिळाली तरी ते रडणं ऐकत मुलीनं तिला लगेच घेतलं नाही.